चर्चच्या आवारातला चकतीवाला

अमेरिकेतल्या छोट्या गावात चर्चची इमारत बेताची आणि आवार मात्र ऐसपैस असतं. मागे गवत, गवतापलीकडे ओकची रांग, एका अंगाला मोटारी लावायची जागा, क्वचित जुनं कब्रस्तानही. एवढ्या गवताचं करायचं काय, हा प्रश्न दर उन्हाळ्यात ते कापणाऱ्या स्वयंसेवकाला पडतोच. बऱ्याच चर्चनी त्यावर तोडगा काढला तो डिस्क गोल्फचा, म्हणजे चकती फेकून बास्केटमध्ये टाकायच्या खेळाचा. चार-पाच एकरांत नऊ लोखंडी बास्केट रोवायच्या, प्रत्येकीवर साखळ्यांची झालर सोडायची आणि गावाला सांगायचं, या, खेळा, पैसे पडत नाहीत. खेळायला आलेला कधीतरी प्रार्थनेलाही येईल, असा त्यामागचा भाबडा हिशेब.

हिशेब अर्धा बरोबर येतो. माणूस येतो. सोमवारी येतो, मंगळवारी येतो, पावसाची रिपरिप असली तरी येतो. रविवारी सकाळी मात्र येत नाही, कारण प्रार्थना संपेपर्यंत खेळ बंद, अशी पाटी पहिल्याच टीपाशी, म्हणजे फेकायच्या जागेपाशी, लावलेली असते.

हा गृहस्थ बहुधा चाळिशी ओलांडलेला, दाढीवाला, टोपी उलटी घातलेला. पाठीवर खास या खेळासाठी शिवलेली सॅक आणि तिच्यात वीसेक चकत्या. आवारातली सगळ्यात लांबची बास्केट टीपासून ऐंशी मीटरवर. तिथवर जायला दोन चकत्या पुरतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण चकतीवाल्याला ते सांगू नये. त्याच्या लेखी प्रत्येक चकतीला स्वभाव असतो. लांब फेकायला पातळ कडेचा ड्रायव्हर, मधल्या अंतराला मिडरेंज, जवळून साखळ्यांवर मारायला जाड कडेचा पटर. त्यातही प्रत्येकीवर चार आकडे छापलेले: वेग किती, हवेत तरंगणार किती, सुरुवातीला वळणार किती आणि शेवटी ओढ घेणार किती. ‘डिस्ट्रॉयर’ म्हणजे १२, ५, उणे १, ३. ‘एव्हिआर’ म्हणजे २, ३, ०, १. पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींच्या गांभीर्याने तो हे आकडे वाऱ्याशी जुळवतो, चिमूटभर गवत उडवून पाहतो आणि मग ‘डिस्ट्रॉयर’ सोडतो. ती झाडावर आपटते.

उजव्या हाताने उलट्या हाताची फेक केली, की वेग ओसरताना चकती डावीकडे कलते. हे शास्त्र आहे. चर्चच्या रंगीत काचा डावीकडेच आहेत. हा कोर्स आखणाऱ्याचा दोष, असं त्याचं ठाम मत.

खेळाचा इतिहास विचारायची सोय नाही, कारण तो न विचारताच मिळतो. व्हॅम-ओ कंपनीत फ्रिसबीला स्थिर उडणारं रूप देणाऱ्या एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात, ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स उभारला. तिथे सुरुवातीला लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावरून वाद होत. मग साखळ्यांची बास्केट आली आणि वाद संपले, निदान त्या विषयावरचे. कोर्स उभारल्याच्या पुढच्याच वर्षी व्यावसायिक खेळाडूंची संघटना निघाली. तिच्या यादीत हेड्रिक सभासद क्रमांक १. इथवर आल्यावर चकतीवाला आवाज खाली आणतो. हेड्रिक २००२ साली गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा चकत्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली. फ्रिसबीवाला मेला की स्वर्गाच्या वाटेवर अडकत नाही, थेट कुणाच्या तरी छपरावर जाऊन पडतो, अशी थट्टाही ते करत. हे ऐकवून चकतीवाला चर्चच्या कौलांकडे बघतो. तिथे त्याच्या दोन चकत्या आधीच मोक्षाला लागलेल्या असतात.

नियमांचा तो पक्का. पाळी आल्यावर तीस सेकंदांत फेकायचं. बास्केटपासून दहा मीटरच्या आत असल्यास फेकून झाल्यावर तोल सावरून उभं राहायचं, फेकीच्या जोरावर पुढे धडपडायचं नाही. बघायला कोणी नाही, खेळतोय एकटाच, तरी तोल गेल्याबद्दल स्वतःला एक दंडाची फेक लावतो आणि फोनवरच्या गुणपत्रकात प्रामाणिकपणे नोंदवतो. एवढी कबुली आतल्या पाद्र्यांनाही सहसा ऐकायला मिळत नसावी.

पाद्री कधीमधी स्वतः खेळायला येतात. काळे बूट, इस्त्रीची पँट आणि हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यातली एकच चकती. सहज भिरकावतात आणि साखळ्या खणखणतात. चकतीवाला टाळ्या वाजवतो, पण सॅक आवरताना पुटपुटतो, ‘त्यांना वरून मदत आहे.’

घरी त्याचा निभाव लागतो तो एका आकड्यावर. पॉल मॅकबेथ या खेळाडूने २०२१ साली डिस्कक्राफ्ट कंपनीशी दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार केला. नव्या चकतीचं खोकं दारात आलं, की बायकोपुढे हा करार मांडला जातो. मॅकबेथने जगज्जेतेपद मिळवलंय, एवढं तिलाही ठाऊक असतं.

त्याची थट्टा करावी तितकी थोडीच. पण एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवी. चर्चच्या सभासदांच्या वहीत त्याचं नाव नाही, तरी वादळानंतर फांद्या उचलायला पहिला येतो तो हाच. बास्केटभोवतीचं तण तोच काढतो, पोरांनी टाकलेले डबे तोच गोळा करतो. अंत्ययात्रा आली तर फेकायला उचललेली चकती पाठीमागे धरून, टोपी काढून, शेवटची मोटार आत जाईपर्यंत थांबतो. पाठ केलेल्या प्रार्थनांपेक्षा हे काही कमी नाही.

मुलाकडे नाहीतर लेकीकडे चार-सहा महिने अमेरिकेत राहायला जाणाऱ्या वाचकांना एक विनंती. संध्याकाळी फिरताना चर्चमागच्या झुडपात रंगीत चकती सापडली, तर नातवाला खेळायला नेऊ नका. उलटी करून पाहा, मागे नाव आणि फोन नंबर लिहिलेला असेल. जरूर फोन करा. फक्त पुढचा तासभर मोकळा ठेवा.