कुत्र्याचं स्थळ

घरात बारकी लेकरं असताना कुत्रं आणायचं ठरलं, की लग्नाचं स्थळ बघितल्यासारखं होतं. ज्याच्या गळ्यात पडणार त्याला कोणी विचारत नाही, बाकी सगळ्यांच्या अपेक्षा तयार. बायकोला केस न गळणारं हवं. वडिलांना शेतात रानडुकरं हाकलणारं, पण पाहुण्यांवर न भुंकणारं. थोरल्याला सिनेमातल्यासारखं. धाकटीला पांढरं आणि बसवलं की बसून राहणारं. आईची अट एकच, देवघराची पायरी चढायची नाही. एवढ्या अटींत बसणारं कुत्रं फक्त मातीचं मिळालं असतं.

पहिलं स्थळ पुण्याच्या मेव्हण्यानं आणलं. हस्की, निळे डोळे, सायबेरियाच्या बर्फात गाड्या ओढणारं घराणं. बीडला मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जातो, आणि पाणी कधी येणार हे नळालाही ठाऊक नसतं. "एसी लावा की त्याला," मेव्हणा म्हणाला. आमच्याकडं एसी अजून जावयालाही लागलेला नाही.

दुसरं कारवान. दरवर्षी कर्नाटकात ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या एका मुकादमानं सुचवलं. मूळ मुधोळकडचं. टपाल खात्यानं 2005 साली याचं तिकीट काढलेलं, पुढं लष्करानंही घेतलं. सरकारी नोकरीतलं घराणं म्हटल्यावर वडील याद्या करायला निघाले. पण हे जातिवंत शिकारी. पळणारं काही दिसलं की मागं सुटणार, आणि आमच्या घरात लेकरांशिवाय पळणारं दुसरं आहे काय?

शेवटी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "कुत्र्याचं नंतर बघू, आधी लेकरं दाखवा." दाखवली. धाकटीनं त्यांच्या गळ्यातली नळी ओढली, थोरला टेबलाचे खण उघडत बसला. डॉक्टरांनी खण बंद केला आणि सांगितलं, जात सोडा, पिल्लाची आई बघा. ती माणसांत शांत असेल तर निम्मं काम झालं. आठ आठवडे पिल्लू तिच्याजवळच राहू द्या. भावंडांशी खेळतानाच त्याला कळतं, किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो. अंगावर झेप घेणारं नको, कोपऱ्यात दडणारंही नको. ते जेवताना-झोपताना लेकरांनी हात लावायचा नाही, आणि दोघांना एकटं सोडून मोठ्यांनी मोबाइल बघायचा नाही. (हे बोलताना ते माझ्याकडंच का बघत होते, कळलं नाही.) दात लागला, नुसता ओरखडा आला, तरी पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्यात धुवायचं आणि त्याच दिवशी लस. मिरची-चुना लावत बसायचं नाही. पिसाळल्याचा संशय असलेली जनावरं ज्यांना चावतात, त्यांतली चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा ऐकल्यावर बायको केसांचं विसरली.

आता आईनं लऊळ काढलं. डिसेंबर 2021 मध्ये माजलगाव तालुक्यातल्या या गावात वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून उंचावर न्यायची. मेलेल्या पिल्लांचा आकडा पारापारावर वाढत अडीचशेवर गेला, परदेशी पेपरांत छापूनही आला. वनखात्यानं दोन वानरं पकडून नागपूरकडं नेली. "पिल्लाला वानरानं नेलं तर माळवदावर कोण चढणार? मी?" आई म्हणाली. वडिलांनी हळूच खंडोबाचं नाव घेतलं. बीडमध्ये राहून, टेकडीवरच्या देवाला हात जोडून, त्याच्या कुत्र्याला नाही म्हणायचं? आई गप्प बसली. पायरीची अट तेवढी ठेवली.

मागच्या गल्लीतल्या कुत्रीचं गावरान पिल्लू आणलं. तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. केस गळतात, पाहुण्यांवर भुंकतं, रानडुकराचं चित्र बघूनही पळतं. एकही अट बसत नाही. तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस टोचली, कार्ड मिळालं. मालकाच्या रकान्यात थोरल्यानं आजीचं नाव घातलं. कारण विचारलं, तर म्हणाला, "चपला पळवतंय म्हणून लोक भांडायला येणार. आजीचं नाव बघितलं की परत जातील."


कालच शेजारचे काका एका पायात चप्पल घालून आले होते. कार्ड वाचलं, चहा घेतला आणि गेले.