व्हर्जनराव

व्हर्जनराव हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते ऑफिसने ठेवलं, आणि पाळण्यातलं नाव आता पगाराच्या स्लिपपुरतं उरलंय. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत जिथे जिथे एका डेटाबेसमधला माल उपसून दुसऱ्यात भरायचं काम चालतं, तिथे तिथे असा एक इसम असतोच. वय चाळिशीपलीकडचं, चष्मा कपाळावर आणि चेहऱ्यावर कायम ‘मी सांगितलं होतं’ असा भाव. खात्रीची खूण म्हणजे त्याचा मॉनिटर. खालच्या पट्टीवर एकाच सॉफ्टवेअरच्या चार खिडक्या उघड्या, चारींचं चित्र तेच. कुठली कोणत्या व्हर्जनची, हे तो आणि परमेश्वर जाणे. त्यातही परमेश्वर त्याला विचारून घेत असावा.

आमचा व्हर्जनराव केटलवाला. केटल म्हणजे पेंटाहो डेटा इंटिग्रेशन, थोडक्यात पीडीआय. मॅट कास्टर्स नावाच्या बेल्जियन गृहस्थांनी हे केटल बनवलं, 2005 साली सगळ्यांना खुलं केलं, 2006 साली ते पेंटाहोकडे गेलं आणि 2015 साली पेंटाहोसकट हिताचीकडे. ज्याने ते बनवलं त्याने नावं थेट स्वयंपाकघरातून उचलली. आकृती काढायची ती स्पूनमध्ये, एकेकटं ट्रान्सफॉर्मेशन चालवतो तो पॅन, अख्खा जॉब चालवतं ते किचन. त्यामुळे व्हर्जनराव रविवारी घरी फोनवर “पॅन अडकला असेल तर किचन बंद करू नका, मी स्पून उघडून बघतो” असं ओरडतो, तेव्हा आतल्या खोलीत सासूबाईंना जावयाचं फार कौतुक वाटतं. गेली कित्येक वर्षं त्याने हा गैरसमज जपून ठेवलाय.

त्याच्या मशीनवर 4.4, 5.4, 8.3 आणि 10 अशा चार पिढ्या एकत्र नांदतात. फोल्डरांची नावंही त्याच्याच तोंडची: ‘पीडीआय_10_चालू’, ‘पीडीआय_83_रोजचं’, ‘पीडीआय_54_नको_पण_असू_दे’ आणि ‘पीडीआय_44_हात_लावू_नये’. दर वर्षी एखादा उत्साही पोरगा येतो आणि विचारतो, “सर, हे 4.4 उडवू का? जागा खातंय.”

“उडव की,” व्हर्जनराव शांतपणे म्हणतो. “फक्त पहाटे साडेतीनचा जॉब उद्यापासून कोण बघणार, तेवढं मला मेलवर लिहून दे.”

तो मेल आजवर कुणी लिहिलेला नाही.

याच्यावर सनातनी असल्याचा आरोप होतो तो मात्र खोटा. 10 आलं त्याच दिवशी ते उतरवून घेणारा ऑफिसात हाच पहिला. केटलमधूनच निघालेलं हॉप 2020 साली अपाचेच्या छत्राखाली गेलं, तेही याने कधीच चालवून पाहिलं. नव्याला त्याची ना नाही. नवं आलं म्हणून जुन्याला त्याच संध्याकाळी घराबाहेर काढायला ना आहे.

बरं, हे सहजीवन वाटतं तितकं सोपं नाही. पहिली मेख झिप फाइलीतच असते. केटलचं कुठलंही व्हर्जन उघडा, आतून फोल्डर निघतो तो ‘डेटा-इंटिग्रेशन’ याच नावाचा. आकडा नाही, साल नाही. मागच्या पावसाळ्यात एका पोराने 8.3 च्या त्या फोल्डरवरच 10 ओतलं. जुन्या जार फायली तशाच, नव्या त्यांच्या शेजारी. स्पून उघडायला घेतला तर काळ्या खिडकीत एररची रामायणं सुरू. पोरगा नेटवर उपाय शोधत बसला, कुणीतरी सुचवलं म्हणून त्याने केटलच्या पोटातल्या काराफचा कॅशसुद्धा साफ केला. व्हर्जनरावाने मागून येऊन एक नजर टाकली आणि म्हणाला, “आधी बारसं, मग अनझिप.” हे वाक्य आता त्याच्या क्युबिकलवर छापून लावलंय, हळदीकुंकवाच्या बोटांसकट.

दुसरी मेख जावाची. 8.3 ला आठ नंबरचा जावा चालतो, 10 ला अकराच्या खालचा चालत नाही आणि 4.4 तर त्याहून जुन्या काळात रमलेलं. दोन जावा एका घरात नांदत नाहीत असं आपल्याकडे म्हणतात. व्हर्जनराव तीन नांदवतो. युक्ती एवढीच की मशीनभर एकच जावा लादायचा नाही. प्रत्येक व्हर्जनला सुरू करणारी बॅच फाइल वेगळी, आणि तिच्यात पेंटाहो_जावा_होम हे व्हेरिएबल ज्याचं त्याचं. पण चुली वेगळ्या मांडल्या म्हणून वाटणी झाली असं नाही. मिठाची बरणी एकच राहते. ही बरणी म्हणजे युजरच्या होम फोल्डरमधला ‘.केटल’ हा फोल्डर. प्रोग्राम कुठेही ठेवा, सगळी व्हर्जनं मुकाट्याने तिथेच जाऊन सेटिंग वाचतात. कुठल्या डेटाबेसमध्ये लिहायचं हे बहुधा तिथल्याच केटल.प्रॉपर्टीज फाइलीत मांडलेलं असतं. वाटणी करायची तर केटल_होम हे व्हेरिएबल प्रत्येकाला वेगळं द्यावं लागतं. आणि द्यायचं ते वरच्या फोल्डरचं नाव. खुद्द ‘.केटल’चा पत्ता दिला, तर ते शहाणं त्याच्या पोटात आणखी एक ‘.केटल’ शोधतं.

ही बरणी वेगळी करायची राहिली की काय होतं, ते ऑफिसने एका सोमवारी पाहिलं. नवं व्हर्जन चाचणीच्या टेबलात लिहिणार असं ठरलं होतं. टीममधल्या कुणीतरी ते थेट सुरू केलं, केटल_होम न देता. नव्याने जुन्याचीच प्रॉपर्टीज वाचली आणि इमानेइतबारे खऱ्याच टेबलात माल भरला. सकाळी डॅशबोर्डवर विक्री बरोबर दुप्पट. सेल्सवाल्यांनी पेढे मागवले. साहेबांनी वरिष्ठांना मेल टाकला, त्यात ‘टीमवर्क’ हा शब्द दोनदा. व्हर्जनरावाने आधी पेढा खाल्ला, मग दुसरा घेतला आणि मगच म्हणाला, “प्रत्येक बिल दोनदा आहे. एकदा 8.3 चं, एकदा 10 चं.” पेढे संपायच्या आत बातमी सांगायची नाही, एवढी माणुसकी त्याच्याकडे आहे.

त्याची खरी कळी खुलते ती समांतर चाचणीच्या महिन्यात. साहेबांच्या कॅलेंडरवर अपग्रेड म्हणजे एक शनिवार. व्हर्जनराव अख्खी महिनाअखेर ओलांडल्याशिवाय सही करत नाही. रात्री तोच कच्चा माल दोन्ही व्हर्जनांना द्यायचा, दोघांनी वेगवेगळ्या टेबलांत लिहायचं आणि सकाळी ती टेबलं समोरासमोर उभी करायची. त्यासाठी केटलमध्येच ‘मर्ज रोज डिफ’ नावाची सोय आहे. ती प्रत्येक ओळीवर शिक्का मारते: आयडेंटिकल, चेंज्ड, न्यू किंवा डिलीटेड. चहाचा कप हातात धरून व्हर्जनराव हे शिक्के वाचतो. सगळं आयडेंटिकल आलं तर त्याचा चेहरा पडतो. एखादी ओळ चेंज्ड निघाली, की स्वारी खुर्ची पुढे ओढते.

गेल्या खेपेला वडिलांच्या नावाचा रकाना निघाला. ज्या ग्राहकांनी तो कोरा ठेवला होता, त्यांच्यासाठी जुनं व्हर्जन रिकामी अक्षरं लिहीत होतं आणि नवं ‘नल’ लिहीत होतं. रिपोर्टात पाहिलं तर दोन्हीकडे पांढरी जागाच. पण मोजणी करणाऱ्या क्वेरीला कोरं वेगळं आणि नल वेगळं. व्हर्जनरावाने दुपारपर्यंत मूळ शोधलं. जुन्या प्रॉपर्टीज फाइलीत कुणीतरी पूर्वी एक ओळ घातली होती, रिकामी अक्षरं आणि नल यांना वेगळं मानायला सांगणारी. नव्याच्या वेगळ्या घरात ती ओळ न्यायची राहून गेली. केटल आपणहून कोऱ्याला नलच समजतं.

“ही ओळ घातली कुणी?” साहेबांनी विचारलं.

“मीच,” व्हर्जनराव म्हणाला. “खाली कॉमेंटसुद्धा आहे. कुणी वाचत नाही.”

दोष त्याच्यातही आहेत. गरज संपलेलं व्हर्जन तो कधी काढत नाही; त्या 5.4 मध्ये आता एकही जॉब चालत नाही, तरी तो फोल्डर नव्या मशीनवरही आला. चार व्हर्जनांच्या चार घरांचा हिशेब त्याने एका वहीत लिहिलाय आणि ती वही ड्रॉवरमध्ये कुलपात असते. शिकवायला बसला तर 4.4 पासून सुरुवात करतो, त्यामुळे 10 पर्यंत पोचेस्तोवर पोरांनी नोकरी बदललेली असते.

तरीही निकाल द्यायचा तर तो त्याच्या बाजूनेच द्यावा लागेल. जुन्या-नव्याची शेजारशेजार गाठ घालून, आकडे जुळल्यावरच जुन्याला निरोप देणं ही या धंद्यातली एकमेव भरवशाची रीत आहे, आणि ती पाळण्याइतका चिवटपणा कंपनीत एकाच माणसाकडे असतो. तुमच्याही ऑफिसात तो असेल. त्याला खुशाल हसा, त्याचीही हरकत नसते. फक्त तो दिवाळीच्या रजेवर जायच्या आत कुठल्या केटलचं घर कुठे आहे ते विचारून घ्या, आणि जमलं तर त्या वहीची एक झेरॉक्स काढून ठेवा.