अंगावर पुरतं का?

घोडेगावात शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो. म्हैस घेणारा जाणकार आधी दात बघतो, कास चाचपतो, वेत कितवं ते विचारतो आणि मग हळूच दुधावर येतो. बाळंतीण बघायला येणाऱ्या अक्कांना एवढा धीर नसतो. चपला काढतानाच त्या विचारतात, "अंगावर पुरतं का गं?"

अशा अक्का गल्लीला एक असतातच. (जवळच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात म्हणे; बाळंतिणीच्या खोलीला ती घोडेगावातही नसतात.) बाळ रडलं, तर उपाशी. झोपलं, तर अशक्त. मूठ चोखली, तर पुरावाच! मग पिशवीतून अळिवाचे लाडू, शतावरी, बाळंतशोपा बाहेर येतो, आणि "मी माझं पाजून शेजारणीचंही पाजलं" ही कथा. दर खेपेला त्यात शेजारणीचं एक पोर वाढतं.

मला खरंच कमी होतं. काढलेलं दूध उजेडाला धरून बघायचे, जणू डेअरीवर फॅट लागायचं आहे. डॉक्टरीणबाईंनी बाळ काट्यावर ठेवलं, दिवसाला लंगोट किती ओले होतात ते मोजायला सांगितलं आणि थोडं वरचं सुरू केलं. म्हणाल्या, "मुंबईत शीवच्या रुग्णालयात 1989 पासून आईच्या दुधाची पेढी आहे. सगळ्यांना पुरलं असतं तर ती कशाला काढली असती?" पटलं. तरी घरी येऊन पावडरचा डबा मी तांदळाच्या कोठीमागे दडवला. अक्कांनी तो दुसऱ्या दिवशी शोधला. शनिवारी सगळ्या गल्लीला ठाऊक!

याच अक्का स्वतःच्या म्हशीच्या धारेला गोठ्यात परकं माणूस फिरकू देत नाहीत. "बुजते ती. पान्हा चोरते." आणि माझ्या खाटेभोवती सात जणी! भीतीनं, लाजेनं पान्हा अडतो, बाईचाही. शेवटी एकदा विचारलंच, "अक्का, तुमच्या धारेला किती जणी उभ्या असतात हो?"

अक्का गप्प झाल्या. मला तर त्याचीच धास्ती वाटली. सकाळी आल्या, सगळ्यांना बाहेर काढलं, दार ओढून घेतलं आणि उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसल्या. सासूबाईंनासुद्धा आत सोडलं नाही. दहा मिनिटांनी बाहेरून आवाज आला, "आता पुरतं का गं?"

नाहीच पुरलं. डबा हल्ली कोठीवर असतो, दर्शनी. झाकण अक्काच घट्ट लावतात.