सी ड्राइव्ह : निरंक

माझी अख्खी नोकरी वर्ध्यातल्या एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे कागद सांभाळले, लाल कापडाच्या बस्त्यांत बांधून, 'अ' म्हणजे कायमचे, 'ब' म्हणजे तीस वर्षांचे, 'ड' म्हणजे वर्षभरात रद्दी, असे वर्ग लावून. आणि साहेबांनी घंटी वाजवली की आर्वी तालुक्यातली कुठलीही फाइल त्यांचा चहा गार व्हायच्या आत टेबलावर हजर. सहा गठ्ठे पद्धत समजावून सांगायला शेजारच्या कचेऱ्या मला बोलवायच्या. हे एवढ्यासाठी सांगतो, की पुढचं वाचून 'बिचारा अडाणी असेल' असं तुम्हाला वाटू नये. अडाणी असतो तर परवडलं असतं.

झालं असं, की आमच्या १९७८ च्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा ठरला. बैठकीत गोरसपाकाचा पुडा फिरत होता, आणि दुसरा गोरसपाक तोंडात असतानाच कुणीतरी विचारलं, "वेबसाइट कोण करते?" तुपाने माणूस उदार होतो. मी हात वर केला.

ही कामं करायला पूर्वी फ्रंटपेज आणि ड्रीमवीव्हर असायचे म्हणे. ड्रीमवीव्हर तर साइट सुरू करतानाच विचारतं, तुमचा फोल्डर कुठला, कुठे ठेवायचं सगळं? मला मिळालं ते फुकटवालं, आणि ते काहीच विचारत नव्हतं. चित्र ओढायचं, पानावर सोडायचं, ते आपोआप जतन. कुठे? हे विचारायचं मला सुचलंच नाही. आवक-जावक नोंदीशिवाय ज्याने कागदाचा कपटा हलू दिला नाही, त्या माणसाने बेचाळीस वर्गमित्रांचे फोटो एका अनोळखी सॉफ्टवेअरच्या हवाली केले आणि साधी पोचसुद्धा मागितली नाही. हिने मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हे सगळं राहते कुठं?"

"आत," मी म्हणालो.

"आत म्हणजे कुठं?"

बायकांना प्रत्येक गोष्टीत खोलात जायची सवय असते, असं तेव्हा मला वाटलं.

साइट तयार झाली. प्रकाशित करा म्हटल्यावर सॉफ्टवेअरने एक फाइल काढून दिली, इंडेक्स नावाची, आणि सोबत एक फोल्डर, 'अ‍ॅसेट्स'. आता मला सांगा, सरकारी नोकराने जन्मभर मत्ता व दायित्वाची विवरणपत्रं भरली असतील, तर 'अ‍ॅसेट्स' वाचून त्याच्या मनात काय येईल? म्हटलं ही मालमत्तेची भानगड दिसते, ती कोण जगासमोर मांडतं! तो फोल्डर मी जागीच ठेवला आणि इंडेक्स तेवढी चढवली. माझ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिली तर सगळे मित्र हसत होते. संध्याकाळी आर्वीहून पाटलाचा फोन.

"काबे, माझ्या फोटोच्या जागी रिकामी चौकट हाय. मी गेलो का काय?"

एकटा तोच नव्हे, बेचाळीसच्या बेचाळीस गेले होते.

नागपूरच्या भाच्याने फोनवर उलगडा केला. वेबपानात फोटो नसतोच म्हणे, फोटोचा फक्त पत्ता असतो. फोटो पडलेला असतो त्या अ‍ॅसेट्समध्ये, आणि तो सोबत नेला नाही की पान आपलं पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसतं. मला एकदम सेगाव आठवलं. वर्धेकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो: गांधीजी १९३६ साली आपल्या इथल्या सेगावला राहायला आले आणि त्यांची टपाल जाऊ लागली बुलढाण्याच्या शेगावला. शेवटी १९४० साली गावाचंच नाव सेवाग्राम केलं. खुद्द महात्म्याची पत्रं पत्त्यापायी चुकत होती, तिथे आर्वीच्या पाटलाचं काय! हा युक्तिवाद मी भाच्याला ऐकवला. तो म्हणाला, "मामा, अ‍ॅसेट्स चढवा."

चढवलं. फोटो दिसले. आठ दिवस मी बजाज चौकातून छाती काढून चाललो.

मग मे महिना लागला. वर्ध्याचा मे ज्याने काढला आहे त्याला ठाऊक आहे, की या महिन्यात घरातला खरा कर्ता पुरुष म्हणजे कूलर. आमचा कूलर आणि माझा कॉम्प्युटर एकाच बोर्डावर. जगातला पहिला वेबसर्व्हर स्वित्झर्लंडमध्ये सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या कॉम्प्युटरवर चालायचा आणि 'हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका' अशी लाल शाईची चिठ्ठी त्याला लावलेली होती, असं मी कुठेतरी वाचलं होतं. तशीच चिठ्ठी मी लाल शाईने लिहून आमच्या बोर्डावर चिकटवली: 'बंद करू नये'. हिने ती वाचली, कूलरबद्दल मला एवढी काळजी आहे याचं तिला कौतुक वाटलं, आणि कूलरला चांगलं सॉकेट मिळावं म्हणून तिने कॉम्प्युटरची पिन ओढली. त्या वेळी कॉम्प्युटर काहीतरी अपडेट करत होता. त्यानंतर तो निळा पडला.

दुरुस्तीवाला पोरगा आला. "काका, सी फॉरमॅट करा लागते. डी ले हात नाही लावत. सी मध्ये काही हाय का तुमचं?"

मी ताठ बसून म्हणालो, "निरंक."

पोरगा बिचारा चांगला. त्याने आपली कसलीशी डिस्क लावून मला आतलं दाखवलंही. "युजर्समध्ये हा लकी नावाचा फोल्डर दिसून राहिला. बराच भरला हाय. हा लकी कोण?"

कॉम्प्युटर मी जुना घेतला होता. आल्या आल्या त्यावरचं लकी हे नाव काढून स्वतःचं घातलं होतं. "असेल पहिला मालक," मी म्हणालो, "माझा काही संबंध नाही."

"मंग उडवू?"

"उडवा."

इतक्या तत्परतेने 'ड' वर्गाचा कागदसुद्धा मी कधी नष्ट केला नव्हता.

कॉम्प्युटर सुरू झाला, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, उघडलं. पांढरं स्वच्छ, आमच्या शाळेच्या भिंतीसारखं. भाच्याने विचारलं, "प्रोजेक्ट कुठं ठेवला होता मामा?" मी म्हटलं, सॉफ्टवेअरमध्ये. तो म्हणाला, सॉफ्टवेअरमध्ये काही राहत नाही, ते नुसतं दाखवते. सामान असते सी ड्राइव्हमध्ये, युजर्समध्ये, तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये, अ‍ॅपडेटात, लोकलमध्ये. आणि अ‍ॅपडेटा लपवलेला असते, हिडन आयटम्सवर खूण केल्याशिवाय डोळ्याला दिसत नाही. आणि हो, खात्याचं नाव बदललं तरी फोल्डरचं नाव बदलत नाही, ते जुनंच राहते.

सेगावची पाटी बदलली, पण गाव लकीच्याच नावावर राहिलं होतं. लकी म्हणजे मी.

वेबसाइट तेवढी नेटवर शाबूत होती. ती उतरवून सॉफ्टवेअरला दिली, तर ते ओळख देईना; भाजलेल्या भाकरीतून पीठ परत काढता येत नाही, त्यातला प्रकार. अ‍ॅसेट्समधले फोटो मात्र मिळाले. मग या खेपेला सगळं रीतसर केलं. डी ड्राइव्हमध्ये फोल्डर केला, एक प्रत पेनड्राइव्हवर, रजिस्टरला नोंद, शेरा 'अ वर्ग, कायम'. सॉफ्टवेअरने फोटोंना घातलेले आकडे काढून प्रत्येक फोटोला त्या-त्या मित्राचं आडनाव दिलं आणि एकेक करून डी मध्ये टाकला. मध्येच कॉम्प्युटरने इंग्रजीत काहीतरी विचारलं, बदलायचं का असं काहीसं. चौतीस वर्षांच्या संसाराने मला एक सवय लागली आहे. मी 'हो' म्हटलं.

साइट चढवली. संध्याकाळी आर्वीहून फोन आला.

"फोटो दिसते न बे आता?" मी विचारलं.

"दिसते नं बाप्पा, झकास दिसते," तो म्हणाला. "पण तो हिंगणघाटचा पाटील हाय."