ओढाताण

दुखणं माणसाची शान राखणारं असावं. छातीत कळ आली तर लोक हळू आवाजात बोलतात, फळं आणतात. कंबर धरली तर आधी हसतात आणि मग विचारतात, "काय उचललंस?" मी काहीही उचललं नव्हतं. दाराबाहेरची दुधाची पिशवी घ्यायला वाकले होते, हात पिशवीपासून वीतभर लांब होता आणि तेवढ्यात शिंक आली. शिंक गेली, मी तिथंच राहिले. समोरच्या पाटीलकाकूंनी दार उघडलं तेव्हा त्यांना वाटलं, मी त्यांच्या रांगोळीतली चूक काढतेय.

मला घरात आणून आडवं करेपर्यंत निदान झालेलं होतं. "नस दबलीय," काकू म्हणाल्या, "पायाळू माणूस बघा कुणीतरी." जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने उसण भरलेल्या पाठीवर लाथ मारली की उसण पळते, हे आमच्या सांगलीत पोराटोरालाही ठाऊक आहे. अडचण एवढीच की हल्ली बाळ पायाळू दिसलं की डॉक्टर बहुतेक वेळा सिझेरियन करून मोकळे होतात, त्यामुळे ही जमात दुर्मीळ होत चालली आहे. काकू बोटं मोजत एकेक विंग आठवू लागल्या. तेवढ्यात कोपऱ्यात मटार सोलत बसलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "मी आहे की."

इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण ही माहिती माझ्यापासून का लपवली गेली, याचा मी अजून विचार करते. सुनेला लाथ घालायची, तीही सुनेच्या संमतीनं, साक्षीदारांसमोर आणि वैद्यकीय कारणासाठी, हा योग किती सासवांच्या पत्रिकेत असतो? जिन्यातून जाणारे दोघंतिघं 'काय झालं' म्हणून आत आले आणि बसले. नवऱ्यानं आईला खुर्चीचा आधार दिला. बायकोला कुणाचाच नव्हता. सासूबाईंनी मात्र पहिले दोन वेळा पाय नुसता टेकवला आणि दोन्ही वेळा "लागलं का गं?" असं विचारलं. प्रेक्षक हिरमुसले. काकू म्हणाल्या, "अहो, अशानं कशी जायची उसण?" तिसरी लाथ सासूबाईंनी मनावर घेतली आणि त्यांचा गुडघा धरला. संध्याकाळी घरात दोन रुग्ण होते आणि शेकायची पिशवी एक.

दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला उताणं झोपवून डावा पाय सरळ ठेवत वर उचलला. पाय टेबलापासून जेमतेम सुटला असेल, कंबरेतून निघालेली कळ थेट अंगठ्यापर्यंत गेली आणि मी माहेरच्या सगळ्यांना नावानिशी हाका मारल्या. मग एमआरआय झाला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती सरकली होती. खरं तर चकती जागची हलत नाही. उकडीच्या मोदकाची पारी फाटावी आणि सारण बाहेर यावं तसा तिच्यातला मऊ गर बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेला त्रास देतो. पाय दुखण्यामागं हा गर असू शकतो हे वैद्यकाला नीट पटलं ते १९३४ साली, बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघा डॉक्टरांच्या लेखानंतर. त्याआधीच्या रुग्णांना निदान 'चकती' या नावाखाली सल्ले तरी ऐकावे लागले नसतील.

आमचे डॉक्टर भले आहेत, पण त्यांना धंदा कळत नाही. म्हणाले, "थोड्या गोळ्या, जमेल तेवढं चालणं आणि वाट बघायची. बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत ओसरतं. बाहेर आलेला गर शरीरातल्या पेशीच हळूहळू खाऊन टाकतात." एवढे पैसे भरून फोटो काढायचा आणि औषध काय, तर वाट! शिवाय त्यांनी बजावलं, की लघवी अडली किंवा बसायच्या जागची संवेदना गेली, तर मध्यरात्रीसुद्धा तडक हॉस्पिटल गाठायचं. सगळ्या सल्ल्यातलं एवढंच नवऱ्याच्या लक्षात राहिलं. मग भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर, चहा देताना, एकदा तर माझ्या मुख्याध्यापकांसमोर तो काळजीनं विचारू लागला, "लघवी झाली का?"

अशा मनःस्थितीत माणूस डिकंप्रेशनच्या जाहिरातीला बळी पडला नाही तरच नवल. विनाशस्त्रक्रिया, संगणकीकृत, झोपल्या झोपल्या! माहितीपत्रकावर चक्क एक अंतराळवीर तरंगत होता. वजनरहित अवस्थेत मणके एकमेकांपासून सुटतात आणि उंची पाच सेंटीमीटरपर्यंत वाढू शकते, हे खरं आहे. मात्र तिथं गेलेल्यांची पाठही दुखते आणि परतल्यावर चकतीचा धोका उलट वाढतो, तेवढं छापायला पत्रकात जागा उरली नसावी.

केंद्रात टी-शर्ट घातलेला एक हसतमुख मुलगा होता. त्यानं आधी पॅकेज समजावलं आणि मग दुखणं. टेबल मधोमध दुभंगतं. वरच्या भागाला छातीचा पट्टा, खालच्या भागाला कंबरेचा. यंत्र खालचा भाग सावकाश ओढतं, थोडा वेळ धरतं, सैल सोडतं, पुन्हा ओढतं. पडद्यावर हिरवी रेघ चढते, उतरते. ताणामुळं चकतीतला दाब कमी होतो आणि बाहेर आलेला गर आत ओढला जातो, अशी यामागची कल्पना. "मॅडम, वजन?" त्यानं विचारलं. मी नेहमीचं सांगितलं, म्हणजे लग्नातलं. "वजनाच्या निम्म्यापर्यंत ताण द्यायचा असतो, काट्यावर या," तो म्हणाला. काट्यानं जो आकडा दाखवला त्यानं कंबरेपेक्षा जास्त कळ आली. त्या आकड्याच्या निम्मं म्हणजेच जवळजवळ माझं लग्नातलं वजन होतं.

खरं सांगायचं तर मला त्या टेबलावर छान वाटायचं. मोबाईल बाहेर, छाती-कंबर बांधलेली, पंखा मंद. बांधलेल्या बाईला डाळ किती शिट्ट्या लावू, असं कुणी विचारत नाही. मी चक्क घोरत असे. मुलानं ते 'उत्तम प्रतिसाद' म्हणून फाईलमध्ये लिहिलं.

आमच्या बाबांच्या वेळी हेच काम संगणकाविना व्हायचं. त्यांना घरीच ट्रॅक्शन लावलं होतं. कंबरेला पट्टा, पलंगाच्या पायथ्याला कप्पी आणि दोरीच्या टोकाला वजन. वजनं भाड्यानं आणण्यापेक्षा आईनं तांदूळ मोजून पिशवी टांगली. आठवड्याभरात बाबा म्हणू लागले, आता अजिबात ताण जाणवत नाही, फरक पडला. फरक पडलाच होता. पाहुणे आले की आई भाताचे तांदूळ त्याच पिशवीतून काढत होती. बाबा बरे झाले ते झालेच.

माझी भाची फिजिओथेरपी शिकते. तिनं माझी पावती बघितली आणि कपाळाला हात लावला. ती सांगू लागली, की हा प्रकार जुनाच. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीसमध्ये पाठीला पोक आलेल्या माणसाला शिडीला उलटं बांधून वरून आपटायचे. खुद्द हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथात म्हटलंय, की गर्दीला तोंडात बोटं घालायला लावणारे लोकच हे करतात. "आणि मावशी, २०१३ साली चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेनवाल्यांनी ३२ चाचण्या, २७६२ रुग्ण तपासले. नुसत्या ट्रॅक्शननं पाठदुखीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१६ मध्ये तर देऊच नका म्हणून सांगितलं." पुढच्या खेपेला भाचीला बरोबर नेऊन मी हे केंद्रातल्या मुलाला ऐकवलं. तो म्हणाला, ते साध्या ट्रॅक्शनचं, आमचं संगणकाचं. भाची म्हणाली, मग संगणकाच्या मोठ्या, धड चाचण्या दाखवा. दोघंही तरुण होते, दोघांचाही आवाज चढला, मधे मी बांधलेली.

जाता जाता तिनं नवऱ्यालाही गप्प केलं. तो माझा एमआरआयचा अहवाल शेजाऱ्यांना वाचून दाखवत असे. दुखत नसलेल्या ३११० लोकांचे फोटो एका आढाव्यात पाहिले, तर विशीतल्या ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांच्या. "काका, तुमचा काढूया?" तिनं विचारलं. अहवाल त्याच दिवशी कपाटात गेला.

कंबर दुखायची राहिली. अगदी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत राहिली, आणि घरात श्रेयाची लढाई सुरू झाली. केंद्रातल्या मुलानं माझा हसरा फोटो भिंतीवर लावायची परवानगी मागितली. नवऱ्याच्या मते गादीखाली घातलेल्या प्लायवूडनं काम केलं. डॉक्टर म्हणाले, "मी म्हटलं होतं," पण वाट बघण्याचं श्रेय द्यायची रीतच नाही. पाटीलकाकूंनी मात्र निकाल कधीच लावला होता आणि तो तिन्ही विंगमध्ये पोचवलाही होता: लाथेचा गुण जरा उशिरा येतो.

त्यामुळं हल्ली दुपारची झोप झाली की सासूबाईंकडे माणसं येतात. लाथबिथ मारू नका, दुखरी पाठ अजून बिघडेल, असं भाचीनं बजावल्यापासून त्या पाय फक्त टेकवतात, आणि गुडघा त्यांचा आहे म्हणून स्वतःही खुर्ची सोडत नाहीत. रुग्णालाच पाठ घेऊन खाली बसावं लागतं. काल सी विंगचे जोशी एमआरआयची पिशवी घेऊन आले. सासूबाईंनी फिल्म काढून ट्यूबलाईटसमोर उलटी धरली, चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हं, चार-पाच. बसा, मोजा काढते."