बल्बग्रस्त

सावंतवाडीच्या समाजजीवनात मोती तलावाकाठी संध्याकाळची फेरी न चुकवणारे, चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांचे भाव दुकानदाराआधी पाहुण्यांना सांगणारे आणि गोव्यातल्या पेट्रोलचा दर तोंडपाठ असणारे असे जे वर्ग आढळतात, त्यांत बल्बग्रस्त गाडीमालकाची स्वतंत्र नोंद होणे आवश्यक आहे. ज्याच्या मोटारीच्या पुढच्या दिव्याचा बल्ब वारंवार उडतो आणि ज्याला त्याचे कारण स्वतःची गाडी व स्वतःचे हात सोडून जगात सर्वत्र सापडते, तो बल्बग्रस्त होय. उडालेले सारे बल्ब तो पुरावा म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवतो, परंतु हा खटला कोणाविरुद्ध चालवायचा याचा निर्णय मात्र त्याला कधीच होत नाही.

"ह्यो पण गेलो!" अशी घोषणा करीत तो इलेक्ट्रिशियनच्या दारात उभा राहतो आणि देवळात गाऱ्हाणे घालावे त्या लयीत दुकानदाराची लबाडी, महामार्गाचे खड्डे आणि शेजाऱ्याची नजर यांचा पाढा वाचतो, भोवतालच्या मंडळींनी "व्हय म्हाराजा" म्हणावे, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते. यांपैकी खड्ड्यांची तक्रार तेवढी शास्त्राला मान्य आहे, कारण बल्बमधील फिलामेंट, म्हणजे तापून प्रकाश देणारी टंगस्टनची बारीक तार, हादऱ्यांनी खरोखरच तुटते. नजरेवरचा उपाय म्हणून बंपरला लिंबू-मिरची बांधली जाते. तिचा परिणाम बल्बवर होत नाही, मिरचीवर होतो.

खरा आरोपी बहुधा बॉनेटखाली असतो. बारा व्होल्टची म्हणवणारी विद्युतव्यवस्था इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टवर चालते आणि हा दाब आवरण्याचे काम रेग्युलेटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील कटआउट, करतो. तो बिघडून दाब ५ टक्क्यांनी जरी वाढला, तरी बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. शिवाय थंड फिलामेंटचा विद्युतरोध अगदी कमी असल्याने बटण दाबताक्षणी त्यातून नेहमीच्या कित्येक पट प्रवाह धावतो आणि झिजलेली तार नेमकी त्याच वेळी तुटते; त्यावरून बल्बग्रस्त बटणालाच दोषी ठरवतो आणि बटण बदलतो.

दुसरा आरोपी जेवणाच्या ताटावरून उठून येतो. हॅलोजन बल्बची काच क्वार्ट्झची असते आणि ती इतकी तापते की बोटांचा तेलकटपणा व मीठ तिच्यावर राहिले, तर त्या जागी काच कमजोर होऊन बल्ब अकाली जातो. तळलेल्या बांगड्याला न्याय देऊन, हात लुंगीला पुसून, नवा बल्ब काचेलाच धरून बसवणारा गृहस्थ त्याच्या मृत्यूची तजवीज जन्माच्या वेळीच करून ठेवतो.

तिसरा प्रकार आंबोली घाटात घडतो. पावसाळ्यातल्या धुक्यात बल्बग्रस्त अप्पर, म्हणजे दूरवर जाणारा झोत, लावतो. धुक्यातले जलकण तो प्रकाश त्याच्याच डोळ्यांवर परतवतात आणि उजेड कमी पडल्याचा निष्कर्ष पक्का होतो. कोकणच्या दमट हवेत गंजलेल्या होल्डरमुळे आणि सैल अर्थमुळे, म्हणजे वीज गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परतण्याच्या जोडणीमुळे, दिवा आधीच मंद झालेला असतो. तो गंज न घासता गृहस्थ ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचा बल्ब आणतो, मग होल्डर वितळतो, वायर करपते आणि कप्प्यातल्या पुराव्यात भर पडते.

एका बाजूचा बल्ब गेल्यावर थोड्याच दिवसांत दुसरा जातो, यात त्याला करणीचा संशय येतो. वास्तविक दोघे एकाच दिवशी बसवलेले आणि सारख्याच तासांची नोकरी केलेले असतात. तोवर एका दिव्याची ती मोटार समोरच्याला दुचाकी वाटते, आणि येथे मात्र विनोद संपतो.

इंजिन चालू ठेवून मल्टीमीटरने व्होल्टेज मोजणे, होल्डर व अर्थ घासणे, योग्य वॉटचे दोन्ही बल्ब एकदम बदलणे आणि ते काचेला हात न लावता बसवणे, एवढ्याने हा विकार बरा होतो. बल्बग्रस्त हे सारे शांतपणे ऐकून घेतो, मान डोलावतो आणि इलेक्ट्रिशियनला म्हणतो, "ता सगळा रवांदे, आदी बल्ब घाल."