जुनं म्हणजे किती जुनं?

पुण्यामुंबईत सध्या कुणाही मध्यमवर्गीय माणसाला भेटा, पावसापाण्याच्या गप्पा दोन मिनिटांत आटोपतात आणि गाडी पुनर्विकासावर येते. "तुमचं कुठवर आलं?" हा प्रश्न पूर्वी उपवर मुलीच्या बापाला विचारत, आता सोसायटीच्या चेअरमनला विचारतात. उत्तरंही त्याच वळणाची. "बघणं चालू आहे." "दोन-तीन बिल्डर येऊन गेले." "एक ठरत आलं होतं, पण कार्पेटवरून फिसकटलं."

आमच्या इमारतीचंही सध्या बघणं चालू आहे. सत्तरच्या दशकातली तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, गच्चीवर डांबराचे थर, आणि जिन्यात पावसाळ्यात भिंतीवर उमटणारे नकाशे. सोसायटीच्या नेहमीच्या सभेला माणसं जमत नाहीत. गणसंख्येअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच पाच माणसांत, त्याच चहावर भरते. पुनर्विकासाच्या सभेला मात्र खुर्च्या कमी पडल्या. शिवाय या सभेचं चित्रीकरण करावं लागतं. ही बातमी आदल्या दिवशी पसरली असावी, कारण एरवी गंजिफ्रॉकवर सभेला येणारे तळमजल्यावरचे काका चक्क इस्त्रीचा झब्बा घालून पहिल्या रांगेत होते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधल्या कलम ७९ अ खाली सरकारने २००९ मध्ये पुनर्विकासाचे नियम घालून दिले आणि २०१९ मध्ये ते बदलून ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली. म्हणजे शंभरातल्या एकोणपन्नास जणांना मनाविरुद्ध नव्या घरात राहायला जावं लागू शकतं. हे एकोणपन्नास कोण, याची मला उत्सुकता होती. आमच्या सभेत तरी ते भाषण करणारेच निघाले. "या वास्तूत आमची हयात गेली." "ही नुसती इमारत नाही, संस्कृती आहे." एका गृहस्थांचा कंठ दाटून आला, त्यांनी पाणी मागितलं, आणि पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "वाढीव जागा नक्की किती टक्के म्हणालात?"

गंमत अशी की जिला आम्ही वास्तू म्हणून डोळे पुसत होतो ती इमारत स्वतःच एका पुनर्विकासाचं फळ आहे. तिच्या जागी वाडा होता. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, तेव्हापासून मालकांना कौलं शाकारणंही परवडेनासं झालं. त्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे बसले. उरलेल्यांची वाळवी, वाटण्या आणि कोर्टकचेऱ्या मिळून कामगिरी करतच होत्या. १९६३ साली फ्लॅटच्या मालकीचा कायदा आला आणि मग वाडे पाडून त्या जागी 'ओनरशिप'चे ब्लॉक उभे राहू लागले.

तेव्हाही लोक रडले होते. आमच्या आजीने फ्लॅट पहिल्यांदा पाहिला आणि पदर नाकाला लावून एकच प्रश्न विचारला, "घरात संडास? मग देव कुठं ठेवायचे?" स्वयंपाकाचा ओटा बघून तर ती हबकलीच. उभ्याने शिजवलेलं अन्न अंगी लागत नाही, यावर ती ठाम होती. वर्षभर ती त्या ओट्यापुढे पाटावर बसून भाजी चिरत असे आणि चिरलेली भाजी वर उभ्या असलेल्या सुनेच्या हातात देत असे. पुढे गुडघे धरले, तेव्हा तिने ओट्याला हात लावला. मग मात्र जमिनीवर बसून स्वयंपाक करणाऱ्या गावाकडच्या जावेची ती कीव करू लागली. "बिचारी अजून चुलीपुढं वाकते."

त्या ओट्याचा काळा कडाप्पा आज आमच्या घरात वारसा म्हणून मिरवतो. नव्या घरात ग्रॅनाइट मिळणार हे कळल्यावर माझ्या बहिणीने फोनवर उसासा टाकला, "म्हणजे आईचा ओटा जाणार!" आईचा ओटा. आजीच्या दृष्टीने जे बाटलेलं होतं ते एका पिढीत पवित्र झालं.

फरशीचं तेच. शेणाने सारवलेली जमीन गेली तेव्हा शहाबादी थंड पडते, पायाला वात धरतो म्हणून तक्रार झाली. शहाबादी जाऊन मोझॅक आली, तेव्हा शहाबादीसारखा गारवा नाही म्हणून हळहळ झाली. आता मोझॅक जाणार. आमच्या न्हाणीघराच्या दाराशी एका मोझॅकच्या फरशीत काळ्या आणि हिरवट तुकड्यांचं मिळून नेमकं एक बदक झालं आहे. घरातल्या प्रत्येक मुलाने ते स्वतंत्रपणे शोधून काढलं आणि आपणच पहिले म्हणून भांडण केलं. बिल्डरच्या माणसाने दाखवलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्स गुळगुळीत आहेत, आरशासारख्या चकाकतात, पण प्रत्येक फरशीवरची नक्षी दुसरीसारखीच. त्यात बदक निघायची शक्यता नाही. हे मी सभेत बोललो नाही. इतिवृत्तात काय लिहिलं असतं?

माझा अंदाज असा, की माणसं बदलाला विरोध करतात हे म्हणणं फारसं खरं नाही. ती घासाघीस करतात. रडणं हा त्या घासाघिशीचाच एक भाग असतो, आणि तेही खोटं नसतं. फक्त कोण रडतं हे बघावं. वाड्याच्या चौकातल्या पारिजातकावर मी पुष्कळ लेख वाचले आहेत, टोपलीच्या संडासावर एकही वाचल्याचं आठवत नाही. पारिजातकाखाली बसणारे आणि नळावर पहाटे रांग लावणारे वेगळे होते. आमच्याही सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी, ज्या सगळ्यांत जुन्या सभासद म्हणून हमखास विरोध करतील असं धरून सगळे चालले होते, बसल्या जागेवरून पहिला हात वर केला. "अहो काकू, तुमच्या सगळ्या आठवणी आहेत ना इथं?" कुणीतरी विचारलं. "आठवणी आहेत, पण जिना पण आहे," काकू म्हणाल्या. "सिलेंडरवाला वर चढणार नाही म्हणायचा तेव्हा कुणी आलं होतं का संस्कृती घेऊन?" चित्रीकरणात हे आलं आहे. कॅमेरा तेवढाच क्षण हलला.

एक गोष्ट मात्र कुठल्याच टक्केवारीत बसत नाही. आमच्या जिन्याखाली इस्त्रीवाल्याचं टेबल आहे. त्याच्या वडिलांचंही तिथंच होतं. इमारतीतल्या प्रत्येकाचा कुठला शर्ट कुठल्या समारंभाचा हे त्याला पाठ आहे. पहिल्या रांगेतला झब्बाही त्यानेच इस्त्री करून दिलेला. त्याला मत नाही, भाडं नाही, वाढीव चौरस फूट नाहीत. नव्या नकाशात जिन्याखाली वीजमीटरची खोली आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "बघू साहेब, कुठंतरी झाड बघू." त्याच्यासाठी पार्किंगच्या कडेला कोपरा ठेवा, असा ठराव मी मांडणार आहे. आमच्या सभासदांनी हे वाचलं असेल तर कृपा करून अनुमोदन द्यावं. बोलताना कंठ दाटून आणायची गरज नाही, हात वर केला तरी चालेल.

बाकी आमची तयारी सुरू झाली आहे. माळ्यावर वाड्यातून आणलेला तांब्याचा बंब सापडला. गीझर आल्यापासून तो पेटलेला नाही, पण टाकवत नाही म्हणून ठेवलेला. त्याच्यामागे पाटा आहे, वरवंट्यासकट. नव्या आराखड्यात माळा नाही. कुणाला यातलं काही हवं असेल तर येऊन घेऊन जावं. बंब दोघांत उचलतो. पाट्याला चौघे लागतील, आणि लिफ्ट अजून झालेली नाही.